नैरोबीतील चहापाणी

आफ्रिका खंडाचे नाव काढताच आपल्याकडील वाचकाच्या डोळ्यांपुढे सिंह, जिराफ आणि अफाट कुरणे उभी राहतात. आम्ही घरून निघालो तेही ह्याच कल्पना उराशी बाळगून. परंतु नैरोबीत सहा आठवडे काढून परत आलो, तेव्हा सिंहापेक्षा एक लहानसा कागदच आमच्या मनात अधिक ठसला होता. तो कागद म्हणजे पावती. हे विधान आमच्या वाचकांस चमत्कारिक वाटेल. पण पुढील हकीकत वाचल्यावर ते तसे वाटणार नाही, अशी आशा आहे.

आमचे जाणे केवळ हौसेचे नव्हते. केनिया सरकारने २८ ऑगस्ट २०१७ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर कडक बंदी घातली, आणि तेथे कागदी पिशव्यांस एकाएकी मागणी उत्पन्न झाली. आमच्या थोरल्या बंधूंचा मुलगा छपाईच्या धंद्यात मुरलेला. त्याने ही संधी हेरली व २०१८ साली तो नैरोबीस गेला. परदेशी मनुष्यास तेथे कारखाना काढावयाचा, तर किमान एक लाख अमेरिकन डॉलरांचे भांडवल दाखविल्याशिवाय परवाना मिळत नाही. ही रक्कम उभी करण्याकरिता वाईजवळच्या आमच्या वडिलोपार्जित शेतांपैकी नदीकाठचा तुकडा विकावा लागला. त्यात थोरल्यांचा वाटा होता तसा आमचाही होता. तेव्हा पुतण्याचा कारखाना म्हणजे एका अर्थी आमच्या वडिलांची जमीनच समुद्रापलीकडे गेलेली. ती तेथे कशी रुजली आहे हे डोळ्यांनी पाहावे, म्हणून २०२४ च्या ऑक्टोबरात आम्ही उभयता मुंबईहून निघालो.

विमानाचा प्रवास सुमारे सहा तासांचा. २०२४ च्या आरंभापासून केनियाने जुनी व्हिसाची पद्धत रद्द करून घरबसल्या संगणकावरून प्रवेशाची अनुमती देण्याची सोय केली आहे. पैसे भरताच त्याची पावतीही हाती येते. नैरोबी समुद्रसपाटीपासून सतराशे मीटरांवर वसलेली, त्यामुळे विषुववृत्त जवळ असूनही हवा महाबळेश्वरची आठवण करून देणारी. त्या दिवसांत जॅकरंडाची झाडे फुललेली असतात आणि रस्त्यांवर जांभळ्या फुलांचा सडा पडलेला असतो. पाहुण्याचे असे स्वागत आम्ही दुसऱ्या कोणत्याही शहरात पाहिले नाही.

हे शहर मुळात शहर नव्हतेच. मासाई लोकांच्या भाषेत थंड पाण्याची जागा अशा अर्थाच्या नावाने ओळखला जाणारा तो एक दलदलीचा माळ होता. मोंबासा बंदरापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत इंग्रजांनी १८९६ ते १९०१ ह्या काळात लोहमार्ग घातला. त्याचे मध्यंतरीचे ठाणे १८९९ साली येथे पडले आणि त्यातून राजधानी उभी राहिली. त्या मार्गाकरिता हिंदुस्थानातून सुमारे बत्तीस हजार मजूर नेण्यात आले व त्यांतील सुमारे अडीच हजार तेथेच मृत्यू पावले. त्यांच्यामागून दुकानदार, कारकून व सुतार गेले. १९२० पर्यंत त्या मुलखात चलनही आपल्या रुपयाचेच होते, आणि १९३० पर्यंत फौजदारी कायदा म्हणून आपला पिनल कोडच लागू होता. स्वाहिली भाषेत आजही दुकानास 'डुका', लाखास 'लाकी', गोणीस 'गुनिया', आणि धनिक भांडवलवाल्यास 'बेपारी' म्हणतात. परमुलखात असे ओळखीचे शब्द भेटले की गर्दीत गाववाला भेटल्याचा आनंद होतो.

परंतु असाच एक शब्द आम्हांस पुढे निराळ्या कारणाने भेटला. तो म्हणजे 'चाय'. चहा ह्या अर्थी तर तो सर्वतोमुखी आहेच. पण कचेरीत, चौकीवर किंवा गोदामाच्या दारात कोणी 'चाय'ची आठवण केली, तर ती पेल्यातली नसते. त्यास दुसरे नाव 'कितू किदोगो', म्हणजे 'छोटीशी वस्तू'. आपल्याकडील 'चहापाणी' ह्या शब्दाचा हा सख्खा भाऊच म्हणावयाचा. पुष्कळ सरकारी इमारतींत 'हे ठिकाण लाचमुक्त आहे' अशा पाट्या लावलेल्या आम्ही पाहिल्या. आपल्याकडे 'येथे थुंकू नये' ही पाटी नेमकी कोठे लावावी लागते, हे आठवून आमच्या सौभाग्यवती हसल्या.

पुतण्याचे बिऱ्हाड एका जुन्या दुमजली घरात आहे. मालकीण एक वृद्ध गोमंतकीय बाई. नैरोबीतील सर्व हिंदी भाडेकरूंप्रमाणे पुतण्या त्यांस 'आंटी' म्हणतो. त्यांचे यजमान इंग्रजी अमलात सरकारी कारकून होते. तेथील कचेऱ्यांतून त्या काळी गोमंतकीय कारकुनांचाच भरणा असे. आमच्या मराठीस त्या कोंकणीत उत्तर देत आणि दोन्ही पक्षांचे उत्तम चाले.

आम्ही पोहोचून आठवडाही झाला नव्हता, तोच एके दिवशी पुतण्या कारखान्यातून अवेळी घरी आला. त्याच्या हातात कर-आकारणीची नोटीस होती. गेल्या काही वर्षांत कागदाच्या खरेदीवर भरलेला जो मूल्यवर्धित कर त्याने आपल्या देण्यातून वजा केला होता, तो सरकारने नामंजूर केला होता. कारण असे की, ज्या व्यापाऱ्यांनी कागद विकला, त्यांनी आपल्या पत्रकांत ती विक्री दाखविलीच नव्हती. मागणी होती चोवीस लाख शिलिंगांची. म्हणजे आपल्या सुमारे सोळा लाख रुपयांची.

येथे तेथील करांची थोडी माहिती सांगणे अवश्य आहे. कारण परदेशी जाऊन धंदा करण्याची उमेद बाळगणारे तरुण आता घरोघरी आहेत. केनियात वर्षाचे १८३ दिवस राहणारा मनुष्य करापुरता तेथील रहिवासी ठरतो, मग त्याचे पारपत्र कोणत्याही देशाचे असो. प्राप्तीवरील कर दहा टक्क्यांपासून चढत जाऊन, २०२३ च्या कायद्यानंतर, अत्युच्च पायरीस पस्तीस टक्क्यांपर्यंत पोहोचला. कंपनीच्या नफ्यावर तीस टक्के, आणि मालावर सोळा टक्के मूल्यवर्धित कर. त्याखेरीज २०२४ च्या मार्चपासून नव्या कायद्याने घरबांधणीची पट्टी पक्की झाली. तीत नोकराच्या पगारातून दीड टक्का कापावयाचा व धन्याने तितकीच भर घालावयाची. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून आरोग्यविम्यासाठी पगाराचे पावणेतीन टक्के. हिंदुस्थान व केनिया ह्यांमध्ये एकाच प्राप्तीवर दोनदा कर बसू नये असा करार आहे. तो २०१६ साली नव्याने झाला. त्यामुळे प्रामाणिकपणे कर भरणाऱ्यास दोन्हीकडून चेपले जाण्याचे भय नाही. कर जड आहेत हे खरे. पण ते छापलेले आहेत, मोजता येतात, आणि मालाच्या किमतीत धरता येतात. जे छापलेले नाही तेच मोजता येत नाही, आणि परक्याचा जीव तेथेच टांगणीला लागतो.

कराविषयी त्या वर्षी तेथील जनमानसही क्षुब्ध होते. आम्ही जाण्यापूर्वी चारच महिने, २५ जून २०२४ रोजी, नव्या करांच्या विधेयकाविरुद्ध तरुण मुलामुलींचे जमाव संसदेत घुसले. गोळीबार झाला, अनेक जीव गेले, आणि दुसऱ्याच दिवशी अध्यक्ष रुटो ह्यांनी विधेयक मागे घेतले. पावावरही सोळा टक्के कर बसविण्याची मूळ सूचना त्यात होती. पुतण्याच्या कारखान्यातील एक मुलगी त्या मोर्चात गेली होती. ती आम्हांस म्हणाली, "कर द्यावयास आमची ना नाही. पण त्या पैशाचे पुढे काय होते ते आम्हांस दिसले पाहिजे." हे वाक्य आम्ही त्याच रात्री आमच्या वहीत टिपून ठेवले.

आता नोटिशीकडे वळू. दोन दिवसांनी एक गृहस्थ घरी आले. पोषाख नीटनेटका, बोलणे मधाचे. आपली 'आत' ओळख आहे, पाच लाख शिलिंग दिले तर ती नोटीस निकालात निघेल, आणि आकडा फार वाटत असल्यास दोन हप्त्यांत दिले तरी चालेल, असे त्यांनी सुचविले. त्यांच्यामागे खरोखर कोणी अधिकारी होता, की ते गृहस्थ नुसतेच वाऱ्यावर वरात काढीत होते, हे आम्हांस अखेरपर्यंत कळले नाही.

ते गेल्यावर पुतण्याने आमच्याकडे पाहिले. "काका, तुम्ही काय म्हणता?"

आम्ही येथे आमची चूक कबूल करतो. आम्ही म्हणालो, "देऊन टाक. चोवीसाच्या जागी पाच जातील. परमुलखात सरकारशी झगडा नको. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये." असे बोलताना आमच्या डोळ्यांपुढे नदीकाठचा तो तुकडा होता. परक्याचा परवाना मुदतीने नवा करून घ्यावा लागतो, आणि त्या वेळी करभरणा पुरा असल्याचा दाखला मागतात. दाखला अडला तर परवाना अडेल, परवाना अडला तर कारखाना बंद, आणि चौतीस मजुरांची चूल विझलेली. भीती माणसास किती व्यवहारचतुर बनविते पाहा! सूनबाई मात्र गप्प होती. कारखान्याचे हिशेब तीच ठेवते. ती एवढेच म्हणाली, "काका, पाच लाख मी कोणत्या खात्यावर लिहू?" ह्या प्रश्नाचे उत्तर आम्हांपाशी नव्हते.

"चार दिवस विचार करू," असे ठरले, आणि तेवढ्यात आम्ही दोघे मोंबासा पाहून यावे, असे पुतण्याने सुचविले. २०१७ च्या मे महिन्याच्या अखेरीस सुरू झालेली नवी आगगाडी पावणेपाचशे किलोमीटरांचे अंतर पाच-सहा तासांत तोडते. हा मार्ग चीनच्या कर्जातून बांधलेला. वाटेत त्सावोचे रान लागते. १८९८ साली येथेच दोन नरभक्षक सिंहांनी जुन्या लोहमार्गाचे काम बंद पाडले होते आणि अनेक हिंदी मजूर त्यांच्या तोंडी पडले होते. खिडकीतून लाल मातीने माखलेले हत्ती दिसले. पण मनात त्या मधुरभाषी गृहस्थांचाच आकडा घोळत होता.

मोंबासाच्या जुन्या वस्तीच्या टोकाशी, खाडीच्या तोंडावर, 'फोर्ट जीझस' हा पोर्तुगीजांनी १५९३ साली बांधावयास घेतलेला किल्ला उभा आहे. कोकणातील जलदुर्ग पाहिलेल्या मनुष्यास त्याचे बुरूज परके वाटत नाहीत. हा सारा किनारा तेव्हा गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हुकमतीखाली होता. किल्ल्याच्या कप्तानाची नेमणूक बहुधा तीन वर्षांची असे. एवढ्या अवधीत दूरदेशी येऊन, तापाशी झगडून, आयुष्याची बेगमी करावयाची. तेव्हा बंदरातील जकात आणि व्यापार ही त्यास आपली खाजगी दुभती गायच वाटे. ह्या जाचाचा शेवट काय झाला? मोंबासाचा राजपुत्र युसूफ ह्यास पोर्तुगीजांनी लहानपणी गोव्यास नेऊन, ख्रिस्ती करून, शिकवून पुन्हा गादीवर बसविले होते. त्याच युसूफाने १६३१ च्या ऑगस्टमध्ये बंड करून कप्तानास ठार मारले व किल्ला घेतला. पुढे पोर्तुगीजांनी तो परत मिळविला. पण १६९८ साली ओमानच्या अरबांनी दीर्घ वेढ्यानंतर तो कायमचा जिंकल्यासारखाच झाला.

अरबी अमलात पद्धत बदलली. झांजिबारच्या सुलतानांनी किनाऱ्यावरील जकात मक्त्याने देण्यास आरंभ केला, आणि तो मक्ता कित्येक वर्षे जयराम शिवजी ह्या कच्छी भाटिया पेढीकडे होता. सुलतानास ठरलेली रक्कम आगाऊ मिळे. वरचे ते मक्तेदाराचे. राज्याचा कर आणि व्यापाऱ्याचा नफा ह्यांतील रेघ अशा वेळी कोठे ओढावयाची? ह्यात आपल्या लोकांचेही हात होते, हे विसरून चालणार नाही.

किल्ल्याच्या तटावर बसलो असताना तेथील एका वृद्ध शिक्षकांशी ओळख झाली. लाचेस स्वाहिलीत 'होंगो' असाही शब्द आहे, असे त्यांनी सांगितले. पूर्वी व्यापाऱ्यांचे तांडे किनाऱ्यावरून आतल्या मुलखात जात, तेव्हा वाटेतील प्रत्येक नायकास कापड, मणी किंवा तारेची वेटोळी द्यावी लागत. त्या वाटपट्टीचे नाव 'होंगो'. तेव्हा ती उघडपणे, ठरवून, सर्वांसमक्ष घेतली जाई, आणि तिच्या बदल्यात पाणी, धान्य व वाटेची हमी मिळे. आम्हांस आमच्या चौथाईची आठवण झाली. पुढे सरकारे आली, छापील कर आले. जुने 'होंगो' मात्र मेले नाही. ते नुसते टेबलाखाली गेले.

"मग कर आणि होंगो ह्यांत आता भेद कोणता?" आम्ही विचारले.

ते हसून म्हणाले, "एकाची रिसिटी मिळते."

पाच लाखांची रिसिटी कोण देणार होते? सूनबाईने जे विचारले होते, तेच ह्या वृद्धांनी तीन शब्दांत सांगितले. परतीच्या गाडीत आम्ही दोघे फारसे बोललो नाही.

नैरोबीस आलो तो घरात कारखान्याच्या हिशेबतपासनीस बाई बसलेल्या. त्या किकुयू समाजातील, वयाने पुतण्याएवढ्याच, आणि बोलण्यात अत्यंत स्पष्ट. त्यांनी एक खरी घडलेली हकीकत सांगितली. ती सर्व निवाड्यात नमूद आहे.

१९८९ साली एका परदेशी व्यापाऱ्याने नैरोबी व मोंबासा येथील विमानतळांवर करमुक्त मालाची दुकाने चालविण्याचा करार केनिया सरकारशी केला. त्यापूर्वी तत्कालीन अध्यक्ष डॅनियल अराप मोई ह्यांना 'देणगी' म्हणून एकूण वीस लाख डॉलर द्यावे लागले, असे त्याने पुढे स्वतःच लिहून दिले. त्यांतील काही रोख रक्कम त्याने एका पेटीतून नेली, भेटीच्या वेळी पेटी भिंतीशी ठेवली, आणि भेट संपल्यावर पेटी उचलून पाहिली तो आत नोटांच्या जागी मक्याची ताजी कणसे! काही वर्षांनी सरकारशी बिनसले, कंपनी हातची गेली, आणि त्याने वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय लवादापुढे नुकसानभरपाईचा मोठा दावा लावला. ही रक्कम लाच नव्हती, 'हरांबी' होती, असे त्याचे म्हणणे. हरांबी म्हणजे सर्वांनी मिळून लोककार्यास हातभार लावण्याची तेथील चाल. लवादाने हे मानले नाही. ४ ऑक्टोबर २००६ रोजी निकाल लागला तो असा, की जो करार लाच देऊन मिळविला, त्याच्या आधारे कोणतेही न्यायासन दाद देऊ शकत नाही. लाच घेणारा देशाचा सर्वोच्च अधिकारी, आणि त्याच लाचेची ढाल करून सुटला तो देश. ही गोष्ट लवादासही अत्यंत खटकली व तसे त्यांनी नमूद केले. पण दावा बुडाला तो बुडालाच.

"हे पाहा," त्या बाई पुतण्यास म्हणाल्या, "त्या मनुष्याचे इतर म्हणणे खरे होते की खोटे, हे कोणी तपासलेच नाही. पेटी उचलली त्या दिवशीच त्याने आपला न्याय विकून टाकला होता. तुम्ही येथे परके आहात. तुमच्यामागे ना मते आहेत, ना जमात. तुमच्यापाशी कागद तेवढे आहेत. तेच तुम्ही पाच लाखांस विकणार काय?" शिवाय २०१६ च्या कायद्याने लाच देणाऱ्यासही दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे त्यांनी जाताजाता सांगितले. आपल्या देशातही २०१८ च्या दुरुस्तीने देणारा गुन्हेगार ठरतो, हे आम्हांस तेव्हा आठवले.

नोटिशीवर तीस दिवसांच्या आत हरकत घेता येते, मात्र जो भाग मान्य असेल तेवढा कर आधी भरावा लागतो. आणि हरकतीवर साठ दिवसांत निर्णय झाला नाही, तर ती मान्य झाली असे कायदा धरतो. असा हा राजमार्ग छापलेला होता. पण त्यास कागद पाहिजेत. येथे पुतण्याची मान खाली गेली. काही खरेदी त्याने स्वस्त पडते म्हणून रोखीने, पक्क्या बिलाशिवाय केली होती. दोष केवळ सरकारचा नव्हता.

ही बोलणी चालली असता आंटी वर आल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या खोलीतून बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आणून आमच्यापुढे ठेवला. त्यात त्यांच्या यजमानांनी जपलेल्या पावत्या होत्या. १९६३ साली केनिया स्वतंत्र झाला, तेव्हा परदेशी वंशाच्या लोकांस नागरिकत्वासाठी अर्ज करण्यास दोन वर्षांची मुदत मिळाली. ती १२ डिसेंबर १९६५ ला संपली. अर्ज वर्षानुवर्षे पडून राहत. १९६७ साली नव्या कायद्यांनी बिगरनागरिकांवर कामाचे व व्यापाराचे परवाने लादले, आणि १९६८ च्या आरंभी हजारो हिंदी कुटुंबे घरेदारे सोडून इंग्लंडकडे धावली. "आमच्या गल्लीत रोज एक घर रिकामे होई," आंटी म्हणाल्या. त्यांच्या यजमानांस कोणी सांगितले, तुमचा अर्ज मुदतीनंतरचा आहे. त्यांनी हा डबा उघडून मुदतीपूर्वीची, शिक्क्याची पावती दाखविली. अर्ज निकालात निघण्यास पुढे बराच काळ लागला. पण घर सुटले नाही. पिवळी पडलेली ती चिठ्ठी आम्ही हातात घेऊन पाहिली. तिच्यावर कारकुनाची सही होती, आणि त्या सहीखेरीज दुसरे काही नव्हते.

त्या रात्रीपासून तीन रात्री सूनबाई आणि आमच्या सौभाग्यवती जेवणाच्या टेबलावर कागद लावीत बसल्या. माल पोहोचल्याच्या चिठ्ठ्या, बँकेचे भरणे, वाहनाची भाडी, गोदामाची नोंदवही. एकेका बिलास त्याची साक्ष जोडून टाचणी लावली. सतरा लाखांच्या मागणीस पुरेल इतका पुरावा मिळाला. उरलेल्या सात लाखांस काहीच आधार नव्हता. ती रोखीची खरेदी होती. पुतण्याने ते सात लाख मान्य करून भरले, आणि सतरा लाखांवर हरकत दाखल केली. मुदतीस दोन दिवस उरले होते. मध्यस्थ गृहस्थांस त्याने दूरध्वनीवरून नम्रपणे नकार कळविला. मग दोन आठवडे दारावर टकटक झाली की सर्वांच्या छातीत धस्स होई.

आम्ही निघण्याच्या सुमारासच, २१ नोव्हेंबर २०२४ रोजी, अध्यक्ष रुटो ह्यांनी संसदेतील भाषणात एका प्रख्यात हिंदी उद्योगसमूहाशी ठरत असलेले विमानतळाचे व वीजवाहिन्यांचे व्यवहार रद्द केल्याचे सांगितले. अमेरिकेत त्या समूहाच्या प्रमुखांवर हिंदुस्थानातील लाचखोरीचे आरोप ठेवले गेले होते, आणि समूहाने ते साफ नाकारले होते. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. खरेखोटे न्यायालये पाहतील. परंतु एका परदेशी भूमीत आपल्या देशाचे नाव ह्या विषयाच्या संदर्भात ऐकताना आम्हांस बरे वाटले नाही. जगातील भ्रष्टाचाराचे मोजमाप करणाऱ्या संस्थेच्या २०२४ च्या यादीत शंभरापैकी केनियास ३२ व हिंदुस्थानास ३८ गुण होते. एवढ्या सहा गुणांच्या जोरावर आम्ही तेथील लोकांस नाके मुरडावीत, असे त्यात काही नाही. सरकारी धन गिळण्याचे चाळीस प्रकार तर आमच्या कौटिल्यानेच मोजून ठेवले आहेत.

परतीच्या दिवशी विमानतळावर करमुक्त मालाची दुकाने झगमगत होती. आम्ही कॉफीचा एक डबा घेतला. विक्रेत्या मुलीने बिल पिशवीत टाकले होते. ते आम्ही काढून खिशात घातले. सौभाग्यवती म्हणाल्या, "आता तुम्हीही एखादा पत्र्याचा डबा घ्या."

जानेवारीत पुतण्याचे पत्र आले. अठ्ठावन्नाव्या दिवशी निर्णय झाला होता. सतरा लाखांपैकी सोळा लाखांची मागणी रद्द झाली होती. एका बिलावरील तारीख जुळेना, म्हणून सुमारे एक लाख कायम राहिले. एकंदर आठ लाख गेले, वर हिशेबतपासनीसांची फी. म्हणजे मध्यस्थाच्या पाच लाखांपेक्षा प्रामाणिक मार्ग महागच पडला. हे आम्ही वाचकांपासून लपवीत नाही. कारण सचोटीने वागले की नेहमी पैशाची बचत होते, असे खोटे सांगून कोणास सचोटी शिकविता येत नाही. पण परवाना नवा करण्याच्या वेळी लागणारा दाखला त्यास मिळाला, चौतीस मजुरांचे काम चालू आहे, आणि त्या मधुरभाषी गृहस्थांची वाट पाहण्याचे त्या घरात आता कोणास कारण नाही.

पत्रासोबत पावत्यांच्या प्रतीही होत्या. थोरल्या बंधूंनी चष्मा लावून त्या दोनदा वाचल्या. नदीकाठच्या तुकड्याचे खरेदीखत ज्या कपाटात होते, त्याच कप्प्यात त्यांनी त्या ठेवल्या, आणि म्हणाले, "महाग पडली, पण आपली झाली." त्यांचा रोख पावतीकडे होता की जमिनीकडे, हे आम्ही विचारले नाही.